एक्सोसोम उपचार (त्वचारोगशास्त्र)

एक्सोसोम उपचार म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांच्या साहाय्याने त्वचेचे व केसांचे विकार सुधारण्याची प्रायोगिक पद्धत होय. या पुटिकांचा व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर असतो. त्यांत प्रथिने, मेदद्रव्ये व आरएनए असून त्यांच्याद्वारे एक पेशी दुसरीस संदेश पोहोचवते. एक्सोसोम या सजीव पेशी नव्हेत. त्यांचे विभाजन होत नाही. म्हणून हा उपचार मूलपेशी उपचाराहून वेगळा आहे.

इतिहास

अपक्व तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करताना १९८३ साली कॅनडा व अमेरिकेतील दोन संशोधक गटांना या पुटिका आढळल्या. १९८७ मध्ये रोझ जॉनस्टोन यांनी त्यांना ‘एक्सोसोम’ हे नाव दिले. आरंभी त्यांना पेशीतील टाकाऊ द्रव्य बाहेर टाकण्याचे साधन मानले जाई. त्या पेशींदरम्यान आरएनएचे वहन करतात, हे २००७ मध्ये दाखवण्यात आले.

उपयोग

चरबी, नाळ किंवा अस्थिमज्जेतील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या द्रवातून एक्सोसोम वेगळे काढतात. वनस्पतिजन्य उत्पादनेही बाजारात आहेत. मुरुमांचे व्रण, केसगळती व सुरकुत्या यांसाठी त्यांचा वापर होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन चाचणीत मुरुमांचे व्रण असलेल्या २५ रुग्णांवर लेझर उपचार केले गेले व चेहऱ्याच्या एकाच बाजूस एक्सोसोम लावले गेले. त्या बाजूचा व्रण-निर्देशांक ३२.५ टक्क्यांनी, तर दुसऱ्या बाजूचा १९.९ टक्क्यांनी घटला. तथापि इतक्या लहान चाचणीवरून दीर्घकालीन परिणाम ठरवता येत नाहीत.

सुरक्षितता

अखंड त्वचेवर लेप लावणे आणि सुईने द्रव त्वचेखाली सोडणे यांत मोठा फरक आहे. त्वचेचा बाह्य थर जंतूंना अडवतो. सुई किंवा लेझरने तो भेदला जातो. त्यामुळे निर्जंतुक नसलेल्या द्रवातून संसर्ग, तसेच ॲलर्जी व गाठी यांचा धोका संभवतो. दात्याची तपासणी, शुद्धता व मात्रा उत्पादकागणिक बदलतात. नेब्रास्का राज्यात काही रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला. युरोपीय संघात मानवी पेशींपासून बनवलेली द्रव्ये सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास मनाई आहे.

भारतातील नियमन

‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ यांनुसार औषध म्हणून वापरावयाचे मूलपेशीजन्य उत्पादन ‘नवीन औषध’ ठरते व त्यास केंद्रीय परवानगी लागते. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेली कुपी इंजेक्शनसाठी तपासलेली असतेच असे नाही. म्हणून कुपीवरील वापराची पद्धत, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक महत्त्वाचे ठरतात.

महाराष्ट्रात औषधे व सौंदर्यप्रसाधने यांची तपासणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. त्याचे रायगड जिल्ह्याचे कार्यालय पेण येथे असल्याने पेण, रोहा आदी तालुक्यांतील नागरिकांना संशयास्पद उत्पादनाची तक्रार तेथे करता येते. दुष्परिणामांची नोंद रुग्ण स्वतःही भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतो.