बिलाचा कागद अडतो कुठे? कचेरीतल्या सामाईक प्रिंटरची हकीकत



पंधरवड्याचे ऊस बिल निघाले की हिशेब खात्याच्या खिडकीशी गर्दी होते. पैसे बँकेत जमा होतात हे खरे. पण किती टन ऊस धरला, सोसायटीची वसुली किती कापली, हे कागदावर पाहिल्याशिवाय आपले समाधान होत नाही, आणि होऊही नये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची आणि उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याजाची तरतूद केली गेली. हा हिशेब मांडायचा तर तारखेनिशी कागद हातात पाहिजे. अशा वेळी खिडकीतून उत्तर येते, "तात्या, नेट गेलंय. प्रिंट निघत न्हाई. उद्या या." तात्या बिचारे एस.टी.ने आलेले. नेट म्हणजे काहीतरी आभाळातली गोष्ट, तिला कोण काय करणार, असे म्हणून ते माघारी फिरतात.

या अंकासाठी आम्ही या "नेट गेलंय"चा माग काढला. संगणकाचे काम पाहणाऱ्या मंडळींजवळ दोन दिवस बसलो, प्रिंटरच्या पाठीमागे वाकून पाहिले. समजले ते असे की, कचेरीतल्या संगणकावरून त्याच कचेरीतल्या प्रिंटरवर कागद काढायला इंटरनेट लागतच नाही. डांबरी रस्ता बंद झाला म्हणून आपल्या विहिरीचे पाणी आपल्या वस्तीवर यायचे थांबते का? तसेच हे. आतली वायर शाबूत असली म्हणजे झाले. हां, हिशेबच जर लांबच्या गावी ठेवलेल्या संगणकावर असेल, तर तो आणायला बाहेरची लाईन लागते, आणि तेव्हा हे कारण खरे असते. म्हणून सभासदाने खिडकीवर एवढेच विचारावे, "साहेब, माझं बिल पडद्यावर दिसतंय का?" दिसत असेल आणि कागद निघत नसेल, तर दोष घरातला आहे आणि तो घरातच निघतो.

गंमत अशी की, संगणक एकमेकांना जोडण्याची ही विद्या प्रिंटरपायीच वाढीस लागली. अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर तयार केला. तो प्रत्येकाच्या टेबलावर देणे परवडणारे नव्हते. तेव्हा सगळ्यांचे संगणक त्या एका यंत्राला जोडावेत म्हणून १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची योजना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती उभी केली. आज आपल्या कचेरीत भिंतीकडेने गेलेली वायर त्याच घराण्यातली. ज्याने त्याने आपले गुऱ्हाळ लावण्यापेक्षा सर्वांचा ऊस एका गव्हाणीत टाकावा, हे तर १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी सुरू झाले, तेव्हा आपल्याला हा विचार नवा वाटायचे कारण नाही.

आपल्याकडे आधी प्रिंटर एका लेखनिकाच्या संगणकाला जोडलेला असे आणि बाकीचे त्याच्यामार्फत कागद काढीत. त्याचा संगणक बंद की सगळ्यांचा प्रिंटर बंद. तो लग्नाला गेला की शेतकी खाते हात जोडून बसलेले. आता प्रिंटरला स्वतःचे नेटवर्क कार्ड असते. मागच्या बाजूला टेलिफोनच्या खाचेपेक्षा जरा रुंद खाच दिसते, तिच्यात वायर खटकन बसते, आणि बहुधा शेजारी बारीक दिवे असतात. दिवे मुळीच लागत नसतील तर आधी वायरच पाहावी. झाडू मारताना ओढली गेली असेल, उंदराने कुरतडली असेल, नाहीतर खाचेत बगॅसची धूळ बसली असेल. ही तांब्याची वायर एका दमात १०० मीटरपर्यंतच नेता येते. त्याहून लांब न्यायची तर मध्ये स्विचचा डबा बसवावा लागतो.

आता मुद्द्याचे. या कार्डाला दोन नंबर असतात. एक कंपनीतूनच कोरून आलेला, इंग्रजी आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांचा. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. हा म्हणजे ट्रॅक्टरचा चासी नंबर. दुसरा कचेरीत मिळतो, तो आयपी ॲड्रेस, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा पासिंगचा नंबर समजा. कागद पाठवणारा संगणक या दुसऱ्या नंबरावर कागद धाडतो. सगळी भानगड इथे आहे.

कारण हा दुसरा नंबर वाटणारा राऊटर नावाचा डबा तो कायमचा देत नाही, ठराविक मुदतीने देतो. मुदत संपताना यंत्र चालू असले तर नूतनीकरण आपोआप होते. पण आपले काम हंगामी. गळीत संपले की गट ऑफिसातला प्रिंटर फडके टाकून ठेवला जातो. तोवर मुदत संपते आणि त्याचा नंबर दुसऱ्याच कुणाला, एखाद्या साहेबांच्या मोबाईललासुद्धा, दिला जातो. हंगामाला प्रिंटर सुरू केला की त्याला वेगळाच नंबर मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर बिले पाठवत राहतात. प्रिंटर ठणठणीत, शाई भरलेली, कागद लावलेला, आणि पडद्यावर "प्रिंटर सापडत नाही". गेल्या हंगामाच्या तोंडाला आपल्याकडे झाले ते नेमके हेच. प्रिंटर नवा घ्यावा लागतो की काय, इथपर्यंत बोलणे गेले होते!

इलाज बिनखर्चाचा निघाला. राऊटर १०० ते २०० हे नंबर वाटतो असे धरा, तर प्रिंटरला त्या टापूबाहेरचा, म्हणजे २० सारखा नंबर कायमचा नेमून द्यायचा. तो प्रिंटरच्याच बटनांवरून भरता येतो. सोबत २५५.२५५.२५५.० हा आकडा भरावा लागतो. पत्त्याचा कुठवरचा भाग सगळ्या कचेरीचा सामाईक, हे त्यावरून ठरते. नाहीतर राऊटरलाच सांगून ठेवायचे की, अमुक चासीवाल्याला हाच नंबर द्यायचा. आमच्या मते ही दुसरी रीत बरी, कारण सगळी नोंद एका जागी राहते. मग प्रत्येक संगणकावर प्रिंटर त्या नंबराने एकदा जोडून घ्यावा, की झाले.

दोन खुणा मात्र ध्यानात ठेवण्याजोग्या. प्रिंटर स्वतःच्या माहितीचा कागद स्वतः छापून देतो. त्यावर नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राऊटर भेटलेलाच नाही आणि त्याने आपला आपण नंबर लावून घेतला आहे. आणि कागद कधी निघतो, कधी निघत नाही, असा लपंडाव चालला असेल, तर एकच नंबर दोघांनी धरला आहे का ते पाहावे. एका गटाची दोन नावांनी नोंद झाली तर तोडीच्या वेळी काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

वजन काट्यावरचा प्रिंटर या जोडणीत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथला ठकठक करणारा डॉट मॅट्रिक्स सुया मारतो, म्हणून एका दमात पावतीच्या दोन-तीन प्रती उठतात. लेझरला ते जमत नाही. तो काट्याच्या संगणकाला सरळ वायरीने जोडलेलाच बरा. कचेरीत काहीही बिघडो, काट्यावर गाडी उभी राहता कामा नये.

आणखी एक. नेटवर्कवरचा प्रिंटर बाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवू नये. २०१८ च्या नोव्हेंबरात एका उपद्व्यापी माणसाने जगभरच्या सुमारे ५० हजार उघड्या प्रिंटरांतून एका यूट्यूबवाल्याची जाहिरात छापून काढली होती. तिथे नुसता कागद वाया गेला. आपल्या बिलांवर खाते नंबर असतात. म्हणून प्रिंटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि छापलेली बिले ट्रेमध्ये दिवसभर पडू देऊ नयेत. जाणारा-येणारा चाळून बघतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

हिशेब खात्यातल्या प्रिंटरच्या अंगावर आता त्याचा नंबर ठळक अक्षरांत चिकटवला आहे, खिडकीतूनही वाचता येतो. गट ऑफिसांतले नंबर गळितापूर्वी तपासून घ्यायचे आहेत. मागील पंधरवड्याच्या बिलाची प्रत ज्यांची राहिली असेल, त्यांनी सभासद नंबर आणि वजन पावत्या घेऊन हिशेब खात्यात यावे. बिल पडद्यावर दिसत असेल तर प्रत घेतल्याशिवाय माघारी जाऊ नये.