ॲडमिन नावाचा चिटणीस

मार्च उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या फोनवर एकच विचारणा फिरू लागते : अनुदान आलं का बाप्पा? उत्तर द्यायचे असते सरकारी कार्यालयाने, पण विचारले जाते व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनला. हा ॲडमिन म्हणजे बहुधा त्यांच्यातलाच एक ग्रंथपाल. त्याला संघटनेने नेमलेले नसते, ठराव झालेला नसतो, मानधनाचा तर विषयच नाही. ‘तुम्हाला मोबाईलवर मराठी टाइप करता येते, तुम्हीच पाहा’ एवढ्यावर त्याची नेमणूक होऊन जाते. पुढची कित्येक वर्षे परिपत्रके, बैठकांची निमंत्रणे, मोर्चाच्या तारखा आणि अफवांचे खुलासे त्याच्याच अंगठ्याखालून जातात.

हे काम इथे इतके का वाढले, ते जिल्ह्याच्या नकाशावरून कळते. 13,582 चौरस किलोमीटरचा पसारा, 16 तालुके. पूर्वेला वणी, तेलंगणाच्या सीमेला लागून झरी-जामणी, नैर्ऋत्येला उमरखेड. कार्यकारिणीची बैठक यवतमाळला ठेवली तर कडेच्या तालुक्यांतल्या सदस्यांचा अख्खा दिवस जाण्यायेण्यातच मोडतो. शिवाय संघटना एक नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा जिल्हा संघ वेगळा, त्यावर विभागाचा आणि राज्याचा संघ. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांचे प्रश्न वेगळे आणि शाळांतल्या ग्रंथपालांचे आणखी वेगळे. एकाच माणसाचे नाव दोन-तीन गटांत असते आणि एकच पत्र त्याला दिवसभरात चारदा येते.

हे अनुदान ज्यामुळे मिळते तो महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला आणि 1 मे 1968 पासून अमलात आला. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. या कायद्याने राज्य ग्रंथालय परिषद आली, जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या, आणि गावातल्या मंडळींनी चालवलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदानाची वाट मिळाली. अ, ब, क, ड अशी वर्गवारी त्याच व्यवस्थेतली. सगळ्यांत खालच्या ‘ड’ वर्गाला वर्षाला 30,000 रुपये मिळत. 60 टक्के वाढ झाली तेव्हा त्याचे 48,000 झाले. निम्मी रक्कम वेतनावर धरली, तर तेव्हा ग्रंथपालाच्या हाती महिन्याला पडत 2,000 रुपये. एवढ्या पैशांत जो वाचनालय उघडतो, झाडतो, पुस्तके देतो-घेतो, तोच रात्री संघाचा संदेश लिहीत बसतो. ‘स्वयंसेवक’ हा शब्द शहरात फावल्या वेळेच्या हौसेसाठी वापरतात. इथे तो वापरताना मला थोडा संकोच वाटतो.

कामाचे स्वरूप बाहेरून दिसते त्याहून किचकट आहे. साधी गोष्ट मराठी अक्षरांची. संघाची जुनी पत्रके, अहवाल, सभासदांच्या याद्या छापखान्यात किंवा डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये जुळवलेल्या असतात. तीच फाईल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 सालीच जागा मिळाली, तरी जुना मजकूर आपोआप पालटत नाही. रूपांतर करून घ्यावे लागते आणि मग ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. म्हणून बरेच जण सरळ कागदाचा फोटो काढून पाठवतात. फोटो वाचता येतो, पण शोधता येत नाही. दोन वर्षांनी ‘ते वेतनाचे पत्र’ हवे झाले की शेकडो शुभेच्छापत्रे आणि श्रद्धांजल्या चाळत बसणे आले. विषयवार मांडणी आणि तालिका करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या स्वतःच्या कागदांना वर्गांक नाही!

दुसरा डोकेदुखीचा विषय पीडीएफचा. ग्रंथपालांच्या गटात मराठी पुस्तकांच्या पीडीएफ येणारच, वाचनवेड्यांचाच तो गट. पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क शाबूत असतात. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला 1957 च्या कॉपीराइट कायद्याने सवलत दिली आहे खरी, पण ती बाजारात मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी करण्यापुरती. कालपरवा आलेली कादंबरी तीनशे फोनांवर ढकलणे त्यात बसत नाही. हे सांगायचे कोणी? पुन्हा ॲडमिननेच, आणि तेही वयाने व मानाने मोठ्या सदस्याचे मन न दुखावता.

कायद्याची धास्तीही असते. गटात कोणी भलतेसलते टाकले तर पोलीस ॲडमिनला धरतील, या भीतीने कित्येकांनी गट केवळ ‘ॲडमिनच लिहू शकतील’ असे करून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिला : समान हेतू किंवा आधी ठरवून केलेली योजना असल्याशिवाय, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. विदर्भातल्याच प्रकरणातला हा निकाल प्रत्येक गटात वर डकवून ठेवण्याच्या लायकीचा आहे. तोंड बंद केलेला गट सूचनाफलकासारखा होतो. संघटनेत भांडण व्हायलाच हवे, आणि ते नोंदलेही जायला हवे.

हा नोंदीचा प्रश्न हेच माझे खरे दुखणे आहे. यवतमाळला दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. 1973 साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. त्या संमेलनाचा मागोवा घ्यायचा तर स्मरणिका, वृत्तपत्रांची बांधीव वर्षे, जुनी पत्रे असा कागदी रस्ता आहे. 2019 च्या जानेवारीत 92 वे संमेलन झाले, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, वादळ उठले, आणि शेवटी जिल्ह्यातल्याच एका शेतकरी कुटुंबातल्या महिलेच्या हस्ते उद्घाटन झाले. वर्तमानपत्रांत जे आले ते उरेल. पण त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या वाचकांनी, ग्रंथपालांनी एकमेकांना जे लिहिले, ते बहुतेक फोनमध्येच राहिले असणार आणि फोन बदलताना गेलेही असणार. नव्याने गटात आलेल्याला इतक्या जुन्या चर्चा दिसत नाहीत. गप्पा बाहेर काढून ठेवण्याची सोय आहे, तिलाही मर्यादा आहे : मजकूर तेवढाच घेतला तर सुमारे 40,000 संदेश, चित्रे-फायली सोबत घेतल्या तर 10,000. बोलक्या गटात हा आकडा लवकर ओलांडला जातो. ‘निवृत्त झाल्यावर सवडीने काढू’ म्हणणाऱ्याच्या हाती शेवटचा तुकडा तेवढा लागेल.

असे काम रीतसर पदाला जोडता येते. ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘इफ्ला’ 1927 साली एडिंबरोत स्थापन झाला. त्याच्या विभागांत अध्यक्ष आणि सचिवांच्या जोडीला माहिती-समन्वयक असे रीतसर पद असते. तोही स्वयंसेवकच, त्यालाही पगार नाही. पण कामाला नाव आहे, आणि नाव असलेले काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येते.

आपल्याकडे सोपवणे कशाचे होते? कार्यकारिणी बदलली की नोंदणीकृत संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यानुसार 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. नवे पदाधिकारी पदभार घेतात तेव्हा यादी होते : इतिवृत्त पुस्तक, पावती पुस्तके, धनादेश पुस्तक, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या. संकेतस्थळाचे नूतनीकरण कोणाच्या ईमेलवर येते, पासवर्ड कोणाकडे आहे, गटात दुसरा ॲडमिन कोण, सदस्यांच्या फोन क्रमांकांची यादी कोणाच्या संगणकावर आहे, यासाठी त्या यादीत सहसा ओळ नसते. जिल्हा संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत चार ओळींचा ठराव पुरे आहे : माहिती-चिटणीस हे पद, त्याला एक सहायक, तिमाहीला एकदा गटातील पत्रे आणि चर्चा उतरवून संघाच्या संगणकावर व एका वाचनालयात ठेवणे, आणि मोबाईल रिचार्जचा खर्च संघाने देणे. शेवटच्या कलमावरच चर्चा सर्वांत लांबेल, एवढे मात्र खात्रीने सांगतो.