गाडी गरम होतेय? ती नेमकी कधी गरम होते, यावरून बिघाड ओळखा!

मे महिन्याची दुपार, गाडीत सगळं कुटुंब आणि समोर कसारा घाट. अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल रेषेकडे सरकतो आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागते. अशा वेळी घाबरून अनेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे रेडिएटरचं झाकण उघडण्याची!

बंद सिस्टीममध्ये कूलंट दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. त्यामुळे गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो.

आता बिघाड शोधूया.

सिग्नलवर गरम, वेगात थंड: संशय रेडिएटरच्या फॅनवर. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फॅनच देतो. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लावला की हा फॅन फिरतो. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासून घ्या.

घाटात किंवा हायवेवर गरम: इंजिनवर ताण आला की कूलंटचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर चोंदलेला असेल किंवा वॉटर पंप कमजोर झाला असेल.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच गरम: कूलंटची पातळी ठीक असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. ही छोटीशी झडप उघडली नाही, तर कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही.

कूलंट सारखं कमी होतंय: सकाळी गाडीखाली ओले डाग दिसतात का ते बघा. बाहेर कुठेच गळती नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतंय? मग हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवू नका, टोच करून न्या.

फाटका पाइप किंवा जळलेला फ्यूज बदलणं स्वस्तात होतं. पण काटा लाल रेषेवर असताना “गॅरेज जवळच आहे” म्हणत गाडी दामटली, तर इंजिनचं हेड वाकतं आणि किरकोळ काम थेट इंजिन उघडण्यावर जातं!