विषाणूच्या चुकांवरून त्याचा माग

21 जून 2021 रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात करोना विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ प्रकाराचे 21 रुग्ण आढळल्याचे जाहीर केले. त्यांपैकी 9 रत्नागिरी जिल्ह्यातले, तर 7 जळगाव जिल्ह्यातले होते. एवढ्या दूरच्या दोन जिल्ह्यांत हा विषाणू एकाच मुळातून गेला, की दोन्हीकडे वेगवेगळा पोहोचला? हे शोधण्याची रीत शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

उत्तरपत्रिका तपासताना दोन मुलांची उत्तरे बरोबर असली, तर त्यावरून काहीच कळत नाही. पण दोघांनी एकाच जागी तीच विचित्र चूक केली असेल, तर नक्कल झाली हे आपण ओळखतो. तिसऱ्या मुलाच्या पत्रिकेत ती चूक आणि शिवाय आणखी एक नवी चूक असेल, तर तो या साखळीत पुढचा असावा, असा तर्क करता येतो.

करोना विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे 30 हजार अक्षरांचा मजकूर आहे. पेशीत शिरल्यावर त्याच्या असंख्य नकला निघतात आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. पसरत जाणाऱ्या एका शाखेत महिन्याला सरासरी दोन बदल टिकून राहतात. रुग्णांच्या नमुन्यांतला हा मजकूर प्रयोगशाळेत वाचून, सामाईक बदलांनुसार त्यांचा वंशवृक्ष मांडता येतो. या कामासाठी भारतात डिसेंबर 2020 मध्ये ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा गट स्थापन झाला.

‘डेल्टा प्लस’ म्हणजे डेल्टा प्रकारात पडलेली आणखी एक भर. त्याच्या काटेरी प्रथिनात 417 व्या जागी लायसिनऐवजी अस्परॅजिन आले होते. मात्र हाच बदल डेल्टाच्या एकाहून अधिक शाखांत स्वतंत्रपणे घडला. सोपी चूक दोन मुले एकमेकांचे न पाहताही करतात, तसेच हे झाले. म्हणून एका बदलावरून नाते ठरवता येत नाही. सगळी उत्तरपत्रिका पाहावी लागते. जिल्ह्यातल्या नमुन्यांचे जनुकसंच जवळजवळ सारखे निघाले, तर विषाणू एकदाच येऊन तिथे पसरला असण्याची शक्यता वाढते. ते परस्परांपासून दूर निघाले, तर तो अनेक वाटांनी आला असावा.

आता आकड्यांकडे वळू. त्या वेळी 15 मेपासून राज्यात सुमारे 7,500 नमुने घेतले होते. म्हणजे ‘जळगावात 7’ याचा अर्थ तपासलेल्या नमुन्यांत 7 एवढाच होतो. तसेच एखाद्या जिल्ह्यात शून्य आढळले, म्हणजे तिथे तो प्रकार नव्हताच, असेही नाही. समजा, एखादा प्रकार शंभरातल्या एका रुग्णात आहे. मग यादृच्छिक 100 नमुन्यांत तो एकदाही न सापडण्याची संभाव्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे 0.37 येते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

नमुने कुठून घेतले, यालाही तितकेच महत्त्व आहे. बोदवड हे भुसावळ–बडनेरा लोहमार्गावरचे गाव. पश्चिमेला भुसावळ, तर पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर. समजा, बोदवडच्या रुग्णातला विषाणू भुसावळच्या नमुन्याशी जुळला आणि मलकापूरचे नमुने कुणी घेतलेच नव्हते. मग तो भुसावळहून आला असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात तो मलकापूरहून दोन्हीकडे गेलेला असू शकेल. न तपासलेले गाव वंशवृक्षात दिसत नाही. शिवाय महिन्याला दोनच बदल होत असल्याने, एकाच आठवड्यात बाधित झालेल्या दोन शेजाऱ्यांचे जनुकसंच हुबेहूब सारखे असू शकतात. कोणाकडून कोणाला लागण झाली, हे तिथे लक्षणांच्या तारखा आणि प्रवासाची माहिती विचारूनच ठरवावे लागते.

पुढे ‘डेल्टा प्लस’ मूळ डेल्टाला मागे टाकू शकला नाही, आणि 2022 च्या सुरुवातीला ओमिक्रॉनने दोघांचीही जागा घेतली. पण ज्या जिल्ह्यात तपासणी नीट होते, तिथेच नवे प्रकार आधी सापडतात. अशा जिल्ह्याच्या नावाची बातमी आली की त्याला ‘रोगाचे माहेरघर’ ठरवण्यापूर्वी, शेजारच्या जिल्ह्यात किती नमुने तपासले, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला शिकले पाहिजे.