रायबोसोममध्ये खरे काम कोण करते? हॅरी नोलर यांचा शोधप्रवास

रक्तातले हिमोग्लोबिन, स्नायूंचे तंतू, अन्न पचवणारी विकरे ही सारी प्रथिने पेशीतल्या एकाच यंत्रावर घडतात. ते यंत्र म्हणजे रायबोसोम. त्यात प्रत्यक्ष काम कोण करते, हा प्रश्न अमेरिकन रेणवीय जीवशास्त्रज्ञ हॅरी नोलर यांनी कित्येक दशके सोडला नाही.

यंत्राची ओळख

डीएनएमधल्या मजकुराची नक्कल संदेशवाहक आरएनए घेऊन येतो. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. वाहक आरएनए नेमके अमिनो आम्ल आणून देतो आणि माळेत आणखी एक मणी ओवला जातो. जिवाणूंमध्ये सेकंदाला १५ ते २० मणी ओवले जाऊ शकतात.

जिवाणूच्या रायबोसोममध्ये ३ आरएनए रेणू आणि ५०हून अधिक प्रथिने असतात. वजनाने मात्र सुमारे दोन तृतीयांश वाटा आरएनएचा.

जुनी समजूत

पेशीतल्या रासायनिक क्रिया विकरे घडवतात आणि विकरे म्हणजे प्रथिने, असे नोलर यांच्या सुरुवातीच्या काळी पक्के मानले जाई. म्हणून रायबोसोममधला आरएनए हा मांडवाचा खांब आणि लग्न लावणारी ती प्रथिने, असाच बहुतेकांचा समज होता. १९६८मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात रुजू झालेले नोलर स्वतःही मूळचे प्रथिनांचे रसायनतज्ज्ञ होते.

१९७२ : पहिला धागा

केथॉक्झल हे रसायन आरएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला चिकटते. नोलर आणि त्यांच्या विद्यार्थी सहकाऱ्याने ते रायबोसोमवर वापरले. मोजकीच अक्षरे बदलली, पण वाहक आरएनएला धरून ठेवण्याची रायबोसोमची ताकद गेली. वाहक आरएनए आधीच जागेवर बसवून ठेवला, तर मात्र ती बऱ्याच अंशी टिकली. म्हणजे ज्या अक्षरांवर घाव बसत होता, ती कामाच्या जागेचीच होती.

नकाशा काढण्याची वर्षे

पुढची वर्षे चिकाटीची होती. १९७८मध्ये नोलर यांच्या प्रयोगशाळेने रायबोसोमच्या लहान आणि मोठ्या अशा दोन भागांपैकी लहान भागातल्या आरएनएची सुमारे १,५४० अक्षरे क्रमाने वाचली. कार्ल वूज यांच्यासोबत वेगवेगळ्या जीवांचे आरएनए ताडून पाहत, ही लांबलचक दोरी कुठे कशी दुमडते याचा आराखडा त्यांनी तयार केला.

१९९२ : प्रथिने काढून टाका

आता प्रयोग थेट होता. त्यासाठी गरम झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे दणकट रायबोसोम निवडले. त्यांवर साबणासारखे द्रव्य घातले, प्रथिने पचवणारे विकर सोडले आणि फिनॉलमध्ये जोरजोराने घुसळले. प्रथिनांना वेगळे काढण्याची ही नेहमीची रीत. एवढे करूनही अमिनो आम्ले जोडण्याची क्रिया चालूच राहिली! आरएनए तोडणारे विकर घातल्यावर मात्र ती थांबली.

प्रथिनांचे काही अंश अजून चिकटून होते, म्हणून नोलर यांनी शेवटचा निकाल दिला नाही. तो २००० साली लागला. येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांनी मृत समुद्रातल्या सूक्ष्मजीवाच्या रायबोसोमच्या मोठ्या भागाची स्फटिकरचना उलगडली. जोडणी होते त्या जागेजवळ प्रथिन नव्हतेच. भोवती होता तो आरएनए. स्वतः नोलर यांच्या गटानेही १९९९ आणि २००१मध्ये अख्ख्या रायबोसोमची रचना मांडली.

गौरव

रायबोसोमच्या रचनेसाठी २००९चे रसायनशास्त्राचे नोबेल स्टाइट्झ, अदा योनाथ आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले वेंकी रामकृष्णन यांना मिळाले. हे पारितोषिक तिघांपलीकडे वाटता येत नाही. नोलर त्यात नव्हते. आरएनएचे हे मध्यवर्ती स्थान दाखवल्याबद्दल त्यांना २०१७चे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले.

हे का महत्त्वाचे?

टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके प्रामुख्याने जिवाणूच्या रायबोसोममधल्या आरएनएलाच जाऊन बसतात आणि त्याचे काम अडवतात. औषध नेमके कुठे बसते हे कळले, की नवे औषध घडवायला दिशा मिळते.

दुसरे उत्तर त्याहून जुन्या कोड्याचे आहे. प्रथिने बनवायला प्रथिनेच लागत असतील, तर पहिले प्रथिन बनले कसे? आधी कोंबडी की आधी अंडे, असाच हा पेच. माळ ओवण्याचे काम आरएनएला जमते, म्हणून प्रथिनांच्या आधी आरएनए असू शकतो. ज्याला साधा खांब समजले गेले, त्यानेच कदाचित जीवसृष्टीचा मांडव घातला असेल.