तीस दिवसांचे रेडिएशन आणि सोबतीला भाऊ

इतवारीतल्या किराणा-धान्याच्या दुकानात बरेचदा दोन भाऊ बसलेले दिसतात. एक गल्ल्यावर, दुसरा मालाकडे. त्यांच्यापैकी एकाच्या तोंडातली जखम कर्करोगाची निघाली की दुकान आणि घर या दोन्हींचे वेळापत्रक एकाच दिवशी कोलमडते. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असे रुग्णालयात विचारले जाते, तेव्हा वहिनीकडे मुले असतात, आई-वडील थकलेले असतात. मग पुढे होतो तो भाऊ, नाहीतर सासरहून धावत आलेली बहीण. अशा सोबत्याने करायचे तरी काय, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

त्याचे पहिले काम अगदी सुरुवातीलाच असते. तोंडातले चट्टे किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासावा लागतो. पण ‘सुरी लागली की रोग पसरतो’ हे वाक्य आपल्याकडे नातेवाइकांच्या तोंडी अजूनही असते. बायोप्सीमुळे तोंडाचा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांत. वडीलधाऱ्यांपुढे हे ठासून बोलणे जावयाला अवघड जाते, भावाला जमते.

दुसरा वाद शस्त्रक्रियेच्या वेळी होतो. गाठ गालात किंवा जिभेवर आहे, मग मान कशाला उघडायची? याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनच मिळाले आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगाच्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. गाठींची वाट न पाहता मानेतील लसिका ग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावर मान उघडली, त्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. सही करण्याआधी हा आकडा भावाला माहीत असावा.

खरी परीक्षा मात्र रेडिएशनची. आठवड्यातून पाच दिवस, साधारण ३० ते ३३ वेळा, म्हणजे सहा आठवडे किंवा थोडे अधिक. मशीनवरचा वेळ काही मिनिटांचाच. दिवस जातो तो जाण्या-येण्यात आणि बाकावर बसण्यात. मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय इतवारीहून त्यातल्या त्यात जवळ. (ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते तुकडोजी महाराजही १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले.) जामठ्याचे राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे रुग्णालय वर्धा रस्त्यावर, शहराबाहेर. चितार ओळी चौकातून मेट्रो घ्यायची, सीताबर्डीला बदलायची, खापरीला उतरायचे आणि पुढे ऑटो. तोंड आलेल्या माणसाला हा प्रवास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नकोसा होतो आणि ‘आज राहू दे, उद्या जाऊ’ हे शब्द येतात.

तेव्हा भावाने हट्टी व्हावे. डोके-मानेच्या कर्करोगात रेडिएशन लांबले तर वाढलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटते, कारण उरलेल्या पेशी त्या खंडात झपाट्याने वाढतात. लग्न, मुंज, दुकानाचा सीझन यांपैकी कोणतेही कारण त्यासमोर टिकत नाही. खाडा फक्त डॉक्टरांनी सांगितला तर.

जेवणाचेही तसेच. भेटायला येणारा प्रत्येक जण नागपूरच्या रिवाजाने संत्री घेऊन येतो आणि सोललेल्या तोंडाला संत्र्याइतके झोंबणारे दुसरे काही नाही. ती मुलांना द्यावीत. सावजी रस्सा तर काही महिने विसरायचा. भाताची पेज, मुगाचे पातळ वरण, खीर, दूध, मऊ अंडे, थंड ताक चालत असेल तर ताक. एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे. ते सतत घसरत असेल तर नाकातून नळी घालावी लागते. नळी आली म्हणजे शेवट आला, असे घरच्यांना वाटते. तसे नसते, ती उपचार पुरे करण्यासाठीच असते. सोबत केमो चालू असेल तर घरात थर्मामीटर हवा. ताप १००.४ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे.

पैशाची बाजू आधीच लावावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार बसतात; योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जावे. मुंबईला जावे लागले तर स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचे रेल्वेभाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

‘मलाही होईल का?’ हा प्रश्न भाऊ बाकावर बसून मनात विचारतो, तोंडाने विचारत नाही. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या काही कर्करोगांत दोष आनुवंशिक असतो आणि तो सख्ख्या भावंडात असण्याची शक्यता निम्मी असते. तोंडाच्या कर्करोगाचे बहुतेक वेळा तसे नसते. तिथे भावाभावांत रक्ताहून पानठेला अधिक महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पन्नीत घोटलेला खर्रा इतवारीतल्या माणसाला काही पावलांवर मिळतो. त्यातला तंबाखू काढला तरी सुटका नाही. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. आत भावाला रेडिएशन चालू आणि बाहेर सोबत्याच्या गालात पुडी, हे दृश्य मला अजिबात दुर्मीळ वाटत नाही. सोडायचे असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक आहे, आणि तोंड पुरेसे उघडत नसेल तर स्वतःचीही तपासणी त्याच रुग्णालयात करून घेता येते.

रेडिएशन संपल्यावर जबडा आखडतो. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची, हा व्यायाम दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने करावा लागतो. दातही परस्पर काढायचा नाही, कारण रेडिएशन घेतलेले हाड सहज भरून येत नाही. आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायचे. रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून तेवढा काळ दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीची तारीख असते. ती दुकानातल्या उधारीच्या वहीतच लिहून ठेवली तर चुकत नाही, कारण ती वही रोज उघडते.