आफ्रिकेच्या नदीवाटा – लेखांक ६ : चिंदे, बोट बदलण्याचं गाव

झांबेझी नदी हिंदी महासागराला एका मुखाने मिळत नाही. खारफुटीतून वाट काढत तिचे अनेक फाटे होतात, आणि जवळजवळ प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलेला असतो. समुद्रातलं मोठं जहाज आत येऊ शकत नाही, आणि नदीतली उथळ तळाची बोट बाहेरच्या लाटांत टिकत नाही. त्यामुळे कुठेतरी माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, हे ठरलेलंच. चिंदे हे ते ‘कुठेतरी’. साधारण तीस वर्षं आजच्या मलावीत, म्हणजे तेव्हाच्या न्यासालँडमध्ये, जाणारी माणसं आणि माल बहुतांशी या एका वाळवंटी टोकावरून गेला.

त्याआधीचा रस्ता केलिमानेवरून होता. तिथे पोर्तुगीजांचं जुनं बंदर आणि जकात नाकं. केलिमानेहून क्वाक्वा नावाच्या छोट्या नदीतून होडीने वर जायचं. पुढे पाणी संपलं की ओझी डोक्यावर घेऊन मोपेयापर्यंत चालायचं, आणि तिथे झांबेझी गाठायची. स्कॉटिश मिशनरी आणि त्यांच्या पाठोपाठ आलेली आफ्रिकन लेक्स कंपनी या वाटेला कंटाळली होती. जकातीला तर फारच कंटाळली होती.

१८८९ मध्ये डॅनियल रँकिन या ब्रिटिशाने चिंदे फाटा तपासला आणि तो नौकांना पुरेल एवढा खोल असल्याचं जाहीर केलं. ही बातमी नुसत्या भूगोलाची नव्हती. झांबेझी हा आंतरराष्ट्रीय जलमार्ग आहे, असा ब्रिटिशांचा दावा होता. पण समुद्रातून थेट नदीत शिरता येत नसेल तर या दाव्याला अर्थ काय? केलिमानेची जमीन तुडवावी लागली की पोर्तुगालची परवानगी आलीच. चिंदेमुळे ती अडचण दूर झाली. जानेवारी १८९० मध्ये लंडनने लिस्बनला निर्वाणीचा खलिता धाडला, आणि त्याच वर्षी ‘हेराल्ड’ व ‘मॉस्किटो’ या दोन तोफनौका चिंदेतून झांबेझीत शिरल्या. पुढे ११ जून १८९१ च्या तहात नदीवरची वाहतूक सर्वांना खुली झाली. माल उतरवण्यासाठी चिंदेला जमिनीचा एक तुकडा पोर्तुगालने ब्रिटनला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. तुकडा अगदी लहान, काही एकरांचा. भोवती पोर्तुगीज हद्द, आत ब्रिटिश गोदामं. इथे उतरलेला माल न्यासालँडकडे जाणार असेल तर त्यावर पोर्तुगीज जकात नाही, हा त्यातला खरा मुद्दा.

त्याच १८९१ मध्ये या वाटेने हिंदुस्थानी शिपाईही वर गेले. ब्रिटिश आयुक्त हॅरी जॉन्स्टनला नव्या संरक्षित प्रदेशासाठी सैन्य हवं होतं. त्याने सत्तरेक जणांची तुकडी आणली, त्यांत बरेचसे शीख. त्यांचा कप्तान सेसिल मॅग्वायर हैदराबाद कंटिंजंटमधला. या फौजेच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद अशा गावी असत, म्हणजे त्यांच्या तंबूंची ओळख मराठवाड्याला होती. मॅग्वायर डिसेंबर १८९१ मध्ये न्यासा सरोवराच्या काठी मारला गेला.

चिंदेला उतरणं हा अनुभव बऱ्याच प्रवाशांनी लिहून ठेवला आहे. जहाज दांड्याबाहेर नांगर टाकून हेलकावे खात उभं. प्रवाशाला वेताच्या मोठ्या टोपलीत बसवून क्रेनने उचलायचं आणि खाली उसळणाऱ्या टगबोटीवर सोडायचं. मग गावात पोहोचल्यावर दिसायचं काय, तर वाळू, पत्र्याच्या छपरांची घरं, गोदामं आणि धक्क्याला लागलेल्या मागच्या चाकावर चालणाऱ्या वाफेच्या बोटी. पुढे लाकडं जाळत, रेतीत रुतत, खलाशांनी पाण्यात उतरून ढकलत या बोटी झांबेझीतून शिरे नदीत जात.

शिरेवर धबधबे लागले की बोटीचं काम संपे आणि माणसांचं सुरू होई. नदीकाठच्या कातुंगाहून डोंगरावरच्या ब्लँटायर गावी चढणाऱ्या हमालांना तिथे ‘तेंगातेंगा’ म्हणत. त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याचं वजन साधारण पंचवीस किलो. १८९९ मध्ये एका मिशनची ‘चॉन्सी मेपल्स’ ही आगबोट ग्लासगोहून सुट्या भागांत निघाली. गाठोड्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती. डोक्यावर न मावणारा बॉयलर चाकांवर चढवून शेकडो न्गोनी जमातीच्या माणसांनी दोरखंडांनी ओढत धबधब्यांच्या पलीकडे नेला. १९०१ मध्ये ती बोट सरोवरात तरंगली. या वाहतुकीच्या इतिहासात कंपन्यांची आणि बोटींची नावं भरपूर आहेत, ओढणाऱ्यांपैकी एकाचंही सहसा नाही.

चिंदेचा खरा शत्रू नदीच होती. प्रवाह काठाची वाळू खात राही. काठावरची जागा पाण्यात जाई आणि घरं मागे सरकवावी लागत. पत्रा आणि लाकडाचं बांधकाम त्यामुळे सोयीचंच होतं. वरच्या बाजूला वेगळीच अडचण. न्यासा सरोवराची पातळी उतरत होती आणि शिरेचं पाणी आटत होतं. १९१५ च्या सुमारास तर सरोवरातून शिरेत पाणी येणंच जवळपास थांबलं. पाणी आटत गेलं तसं बोटींचं शेवटचं ठाणंही खाली खाली सरकलं : कातुंगा, मग चिरोमो, मग पोर्ट हेराल्ड. १९०८ मध्ये पोर्ट हेराल्ड ते ब्लँटायर रेल्वे झाली. १९१५ मध्ये ती झांबेझीकाठच्या चिंदियोपर्यंत आली. आता शिरेची गरज उरली नाही, उरला फक्त चिंदे ते चिंदियो हा झांबेझीचा टप्पा.

१९२२ च्या फेब्रुवारीत चक्रीवादळाने चिंदेची दाणादाण उडवली. पुन्हा उभारणीला कुणी फारसा पैसा घालेना, कारण त्याच वर्षी बैरा बंदरातून झांबेझीच्या दक्षिण काठापर्यंत ट्रान्स-झांबेझिया रेल्वे सुरू झाली. ९९ वर्षांचा भाडेपट्टा १९२३ मध्येच संपवण्यात आला. मुखाजवळच्या मळ्यांची साखर मात्र पुढेही चिंदेतून जात राहिली, त्यामुळे गाव पुसलं गेलं नाही.

नवी रेल्वे पूर्णपणे पोर्तुगीज हद्दीत होती, तरी तिच्या कर्जावरच्या व्याजाची हमी न्यासालँडच्या तिजोरीवर टाकली गेली. तिथला शेतकरी जो झोपडीकर भरे, त्यातून ही तिजोरी बऱ्याच अंशी भरे. शिवाय रेल्वे नदीपाशी थांबत असल्याने बोट बदलणं १९३५ पर्यंत चालूच होतं. त्या वर्षी झांबेझीवर साडेतीन किलोमीटरहून लांब पूल झाला. त्याचा हिशेब पुढच्या लेखांकात.